खिडकीकडची बैठक

सोफे बनवणाऱ्याच्या घरी बसायला धड जागा नसावी, हे कुणाला सांगूनही पटणार नाही. पण काकूंच्या घरी यावं आणि बघावं. खाली दुकान, वर दोन खोल्या. खाली काका सांगाडे ठोकायचे, पट्टे ताणायचे, फोम कापायचे, आणि शेजारी काकू मशीनवर कव्हरं शिवायच्या. गिऱ्हाइकानं टेकल्याबरोबर ‘आहाहा’ म्हणावं, असं दोघांचं काम. आणि वर घरात? पाहुणा आला की काकू लाकडी स्टूल पुढे करायच्या. दुसरा आला तर एक हात तुटलेली खुर्ची होती. कुणीतरी ती दुरुस्तीला टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. तिसरा आला तर त्यानं भिंतीला टेकून उभं राहावं.

म्हणजे घरात सोफा नव्हता असं नाही. होता की! चांगला ऐसपैस, तिघांचा, गर्द हिरव्या मखमलीचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकांनी स्वतःच्या हातानं बनवला होता आणि कव्हर काकूंनी शिवलं होतं. पण त्यावर होतं जाडजूड प्लास्टिक, खालून नाड्यांनी आवळून बांधलेलं. प्लास्टिकवर धूळ बसू नये म्हणून चादर. आणि चादरीवर कुणी बसू नये म्हणून काकांचे डोळे.

“घराला रंग होऊ दे, मग काढू प्लास्टिक,” काका म्हणाले होते. रंग झाला. मग म्हणाले, “पोरगी लहान आहे, सांडलवंड करील.” पोरगी मोठी झाली. “तिचं लग्न एकदा पार पडू दे, मग काय, आपण दोघंच. निवांत बसू.” पोरगी सासरी गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. आता काय होतं? “थांब गं, ही एवढी मोठी ऑर्डर हातावेगळी होऊ दे.” ऑर्डर काय, एक संपली की दुसरी येतेच. काकांच्या तोंडी हे ‘थांब’ इतकं रुळलं होतं की लेकीनं बापाचं नावच थांबराव ठेवलं होतं. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

माणूस वाईट नव्हता हो. कष्टाळू, हाताचा सच्चा, बायकोला कधी वेडावाकडा शब्द नाही. गिऱ्हाइकानं नव्या सोफ्यावर प्लास्टिक घालायची गोष्ट काढली की हेच काका हात जोडायचे. “अहो, बसा! बसून सोफा खराब होत नाही, न बसता होतो. हवा कोंडते, कापड चिकटतं.” दुकानात असलं शहाणपण पाजळून हा गृहस्थ जिना चढून वर यायचा आणि चादरीची सुरकुती नीट करायचा. आता याला काय म्हणावं?

काकू रोज विचारायच्या. दुपारचं जेवण झालं, ताटं उचलली, की एकदा तरी म्हणायच्याच, “अहो, बसू या का जरा?” आणि काका चपला पायात सरकवत म्हणायचे, “थांब, एक माप घेऊन येतो.” मापं घ्यायला, माल पोचवायला, कापड बघायला ते दुपारी बाहेर पडत आणि दिवे लागायच्या सुमाराला परत येत.

आता पुढचं सांगायचं तर आवाज जरा खाली आणायला हवा. काकू त्या सोफ्यावर रोज बसायच्या.

सुरुवात कशी झाली, तर तशी काही खास झाली नाही. एका मंगळवारी काका बाहेर गेले, काकूंनी स्वतःपुरता चहा केला आणि स्टुलावर बसल्या. पाठीला रग लागली होती. समोर तो हिरवा सोफा प्लास्टिकमध्ये गुदमरून बसलेला. काकूंच्या मनात आलं, चांगले दिवस यायचे तेव्हा येतील. मला काही त्यांच्यासाठी पायघड्या घालत बसायला वेळ नाही. आजचा दिवस काय वाईट आहे? ऊन आहे, चहा आहे, पाय दुखतायत. त्यांनी खिडकीच्या बाजूची नाडी सोडली, चादर आणि प्लास्टिक मधोमध दुमडलं आणि खिडकीकडच्या बैठकीवर पाय वर घेऊन अंग टाकलं. अगं आई गं! असा जीव सुखावला त्यांचा, की आपण बनवलेल्या वस्तूवर लोक ‘आहाहा’ का म्हणतात ते तेव्हा कुठे त्यांना कळलं.

तेव्हापासून रोज. खिडकीतून समोरचा बसथांबा दिसायचा. चहाचा घोट घेत काकू माणसं बघायच्या. बस चुकली की कुणी घड्याळाकडे रागानं बघायचं, कुणी उगाच फोनवर बोलल्यासारखं करायचं. एक टोपीवाला जाडा मात्र काकूंचा लाडका होता. तो कोपऱ्यावरून पोट सांभाळत धावत यायचा, त्याची बस हमखास सुटायची, आणि मग हा गडी निघून चाललेल्या बसला कडक सलाम ठोकून बाकावर ऐटीत बसायचा. काकू एकट्याच खुदकन हसायच्या. लेक शाळेत होती तेव्हा तीही घरी आली की मधल्या बैठकीवर फतकल मारून बसायची. “बाबांना सांगायचं नाही,” असं काकूंना म्हणावंही लागलं नाही. पोर हुशार होती. काका जिना चढून वर यायच्या आत प्लास्टिक, चादर, नाडी, सगळं जागच्या जागी. काकांची ती दुहेरी गाठ तर काकूंना काकांपेक्षा चांगली यायला लागली.

गाठीचं सोडा, चष्म्याच्या वेळी मात्र काकू पकडल्या जाता जाता वाचल्या. मागच्या वर्षी त्यांचा जवळचा चष्मा हरवला. काका म्हणाले, नक्कीच कुठल्यातरी सोफ्यात शिवला गेला. तसं त्या दुकानात एकदा झालंही होतं. मोठी कात्री एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यात जाऊन बसली आणि तो बिचारा महिनाभर ‘इथं काहीतरी टोचतं’ म्हणून चकरा मारत होता. त्यामुळे काकांनी पोचवायला तयार असलेली आरामखुर्ची भराभर उसवली. आत फोम, पट्टे, खिळे, सगळं निघालं, चष्मा सोडून. पुन्हा शिवताना दोघांची कंबर मोडली. काकू मान खाली घालून टाके घालत होत्या. चष्मा कुठे असेल याचा त्यांना दाट संशय होता. पण वरच्या हिरव्या सोफ्याच्या फटीत हात घालून बघायचंही धाडस होईना, कारण सापडला तर ‘कुठे सापडला’ हे सांगावं लागलं असतं. मुकाट्यानं नवा केला.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि त्या दिवशी जेवताना काका एकदम खुशीत येऊन म्हणाले, “लेकीनं नवं घर घेतलंय, तिला आपण काय द्यायचं ठरलं माझं.”

“काय?”

“आपला सोफा! असला सांगाडा आता कुणी बनवत नाही. आणि नवाकोरा आहे, एकदाही कुणी टेकलेलं नाही. शनिवारी दोघं येतायत. त्यांच्यासमोरच उघडू.”

काकूंचा घास घशातच अडकला. काकांनी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. “मला ठाऊक होतं तुला भरून येईल,” ते म्हणाले.

भरून आलं होतं खरं. पण ते धास्तीनं. सोफा उघडला की चोरी उघडी पडणार. आणि चोरी राहू दे बाजूला, सोफाच जाणार! ती खिडकी, तो चहा, तो टोपीवाला, सगळं आता स्टुलावर बसून बघायचं? सांगून टाकावं तर काकांचं तोंड किती आनंदलेलं. आणि सांगायचं तरी काय, की तुमची पाठ फिरली की मी सुखात असते?

शुक्रवारी दुपारी काका बाहेर पडताच काकूंनी कंबर कसली. प्लास्टिक दुमडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बैठकीकडे शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं बघितलं. अरे देवा! मधोमध चांगला वाडग्याएवढा खड्डा. सोफ्याच्या हातावरची मखमल झिजून टक्कल पडलेलं, त्यावर चहाचा गोल डाग. गादी उलटी घालावी, तर खालच्या बाजूला साधं मांजरपाट कापड. काटकसर म्हणून त्यांनीच लावलेलं. दाराकडची गादी इकडे आणावी, तर कडेच्या गाद्या सोफ्याच्या हाताला बगल देऊन कापलेल्या, इकडची तिकडे बसणं शक्यच नाही. उसवून कापूस भरावा, तर काकांना नवा टाका अंधारातही बोटानं कळतो. उरली वाफ. ओलं फडकं टाकून वरून गरम इस्त्री धरली की दबलेला फोम थोडा फुगतो, मखमलीचे केसही उभे राहतात.

काकूंनी इस्त्री तापवली, फडकं पिळलं, खड्ड्यावर पसरलं. इस्त्री उचलली. आणि हात तसाच राहिला.

हा खड्डा म्हणजे काय होता? लेक तापातून उठली ती दुपार त्यात होती. ज्या दिवशी काही म्हणजे काहीच घडलं नाही, अशा कितीतरी दुपारी त्यात होत्या. आपलं एवढं सुख, ते आपणच इस्त्री फिरवून पुसून टाकायचं? काकूंना एकदम राग आला. काकांचा आला, त्यांच्या ‘थांब’चा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. चोरी कसली? स्वतःच्या घरात, स्वतः शिवलेल्या कव्हरवर बसणं ही चोरी झाली का? त्यांनी इस्त्री बंद केली, फडकं वाळत टाकलं आणि चहा ठेवला.

चहा घेऊन त्या बसल्या खऱ्या, पण नजर सारखी दुसऱ्या टोकाकडे जात होती. दाराकडचा भाग अजून प्लास्टिकखाली होता. तिकडची नाडी त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती. एवढ्या दुपारी इथं बसून हसलो, पण ‘तो टोपीवाला बघा’ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, हे त्यांना तेव्हा फार लागलं. डोळे पुसून त्यांनी चहा संपवला आणि शेवटची म्हणून ती दुहेरी गाठ मारली.

शनिवारी जेवणं झाल्यावर काकांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. बसायला जागा नव्हतीच म्हणा. लेक, जावई आणि दाराशी काकू, पदराशी चाळा करत. काकांनी चादर काढून घडी घातली, खाली वाकून दाराकडची नाडी सोडली आणि पडदा उघडावा तसं प्लास्टिक हळूहळू सरकवायला लागले.

दाराकडची बैठक उघडी झाली. काय ती मखमल! काल शिवल्यासारखी. “बघा!” काका जावयाला म्हणाले. “नवाकोरा! हात लावून बघा.”

मधली बैठक उघडी झाली. काका जरा थबकले, पण पुढे सरकले.

खिडकीकडची बैठक उघडी झाली.

काकांनी प्लास्टिक खाली ठेवलं. गुडघ्यावर बसले. खड्ड्यावर तळवा ठेवून दाबला, सोडला, परत दाबला. गिऱ्हाइकाचा सोफा तपासताना बघतात तसं डोकं तिरकं करून बघितलं. “इथं कुणीतरी बसतंय,” ते म्हणाले. “आज-कालचं नाही. रोज बसतंय. पाय वर घेऊन, डाव्या कुशीवर रेलून.”

“मांजर असेल, बाबा,” जावई बिचारा मदतीला धावला.

“मांजर चहा पीत नाही,” काका डागावर बोट ठेवून म्हणाले. मग त्यांनी गादी आणि पाठ यांच्यामधल्या फटीत मनगटापर्यंत हात घातला. आधी बिस्किटांचा चुरा निघाला. मग केसांची एक पिन. मग शाळेतली, टोक चावलेली पेन्सिल. आणि मग, काकूंनी डोळे मिटून घेतले, चष्मा.

काकांनी तो उजेडात धरला, काचा सदऱ्याला पुसल्या. “यासाठी मी अख्खी आरामखुर्ची उसवली होती,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

“सापडला का? बरं झालं,” काकू म्हणाल्या. दुसरं काय बोलणार!

इथं लेकीचा बांध फुटला. तोंडावर हात दाबून ती इतकी हसली की खाली बसली. “बाबा, ती पेन्सिल माझी! मी मधे बसायचे. आई खिडकीशी, मी मधे. तुम्ही जिन्यात खोकायचात ना, तेवढ्या वेळात आम्ही प्लास्टिक घालायचो!”

पण काका हसले नाहीत. ते काकूंकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर राग असता तर काकूंना परवडला असता. तसं नव्हतं. जत्रेत मागे राहिलेल्या पोरासारखं झालं होतं त्यांचं तोंड.

“एवढी वर्षं?” ते म्हणाले. “तुम्ही दोघी बसत होतात. आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं नाही?” आता मात्र काकूंचा आवाज चढला. “रोज सांगितलं! ताटं उचलली की रोज विचारलं, अहो, बसू या का. एक दिवस सोडला नाही. तुम्ही म्हणालात थांब. मी खूप थांबले हो. मग बसले. आणि सुखात बसले, खोटं कशाला बोलू? फक्त एकटी बसले, एवढंच काय ते वाईट झालं.”

काकांनी सोफ्याकडे बघितलं. खिडकीकडे खोल खड्डा, मधे एक लहानसा, उथळ. दाराकडे काहीच नाही.

“मग ही?” त्यांनी दाराकडच्या बैठकीवर हात ठेवला. “इथं कोण बसायचं?”

“कुणी नाही. ती तुमची,” काकू म्हणाल्या. “तिकडची नाडी मी कधी सोडलीच नाही.”

काका उठले आणि जिना उतरून खाली गेले. लेकीचं हसू थांबलं. खालून खण उघडल्याचा आवाज आला. “नवा फोम घालायला निघाले की काय,” काकू पुटपुटल्या, आणि सोफ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. या खड्ड्याला कुणी हात लावून तर बघावं!

काका वर आले ते मोठी कात्री घेऊन. तीच ती, गिऱ्हाइकाला महिनाभर टोचलेली. काकू सोफ्यापुढून हलल्या नाहीत. पण काका सोफ्याजवळ गेलेच नाहीत. त्यांनी जमिनीवर पडलेलं प्लास्टिक उचललं आणि कराकरा कापायला घेतलं. उभं कापलं, मग आडवं कापलं, रुमालाएवढे तुकडे होईस्तोवर कापत राहिले. घाम आला, पण थांबले नाहीत. नाड्यासुद्धा कापल्या. जावयानं न सांगता तुकडे गोळा केले.

“आता कुणी घालतो म्हटलं तरी घालता येणार नाही,” काका म्हणाले आणि कात्री ठेवली. मग लेकीकडे वळून ओशाळं हसले. “तुला द्यायचा होता गं.”

“मला नको बाई लोकांनी वापरलेला सोफा,” लेक नाक उडवून म्हणाली. “मला नवा बनवा. आणि पोचवायला तुम्ही दोघं या, आणि आधी तुम्ही बसून दाखवा.” मग नवऱ्याला कोपरानं ढोसत ती म्हणाली, “चला, आपण चहा करू.”

काकू आपल्या जागेवर बसल्या. पाय वर घेतले, राजरोस, नवऱ्यादेखत. काका दाराकडच्या बैठकीसमोर उभे होते. आयुष्यभर शेकडो लोकांना बसतं करणारा माणूस, आणि स्वतः कुठून बसावं ते त्याला कळेना. शेवटी ते टेकले. अगदी काठावर.

“मागे सरका,” काकू म्हणाल्या.

ते मागे सरकले. इकडून तिकडे हलले. तोंड वाकडं केलं. “दगड आहे गं हा!”

“नवी आहे ना. कुणी बसलेलंच नाही.”

“मग?”

“मग काय, रोज बसा. बसत बसत होईल नरम.”

थोड्या वेळानं त्यांनीही पाय वर घेतले, आधी एक, मग दुसरा, अवघडत. चहा आला. काकूंनी खिडकीबाहेर बघितलं आणि पटकन त्यांच्या दंडाला धरलं. “अहो, तो बघा, तो बघा! टोपीवाला. आता त्याची बस चुकणार.”

काकांनी मान लांब केली. तेवढ्यात खालून हाक आली, “काका, आहात का? माप घ्यायला येणार होतात ना?”

काकांचे पाय सवयीनं खाली आले. हातातला कप जमिनीवर ठेवण्यासाठी ते वाकलेसुद्धा. काकूंनी त्यांचा दंड सोडून दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. आजवर त्यांनी कधी अडवलं नव्हतं, आजही अडवणार नव्हत्या.

“काका?” परत हाक आली.

काकांनी कप उचलला आणि पाय पुन्हा वर घेतले.

“थांबू दे त्याला जरा,” ते म्हणाले, आणि काकूंच्या खांद्यावरून बाहेर डोकावत विचारलं, “कुठाय तुझा टोपीवाला? काय करतो गं तो बस चुकल्यावर?”

“बघा तर खरं,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून थोड्या मागे सरकल्या.